डिफरन्शियलच्या ब्रीदरमधून तेल का येते?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील आमच्या वाचक-कुटुंबांत मालमोटारीवर ज्यांचा प्रपंच चालतो अशी घरे पुष्कळ आहेत. कोणाची स्वतःची एकच गाडी, कोणाच्या दोन-चार, तर कोणाचा मुलगा किंवा जावई दुसऱ्याच्या गाडीवर चालक. अशा घरांत गाडीच्या दुखण्याची काळजी माणसाच्या दुखण्याइतकीच वाहिली जाते. कारण गाडी चार दिवस उभी राहिली, की कर्जाचा हप्ता, विमा आणि मुलांची फी ही तिन्ही एकदमच दारात येऊन उभी राहतात. म्हणून मालमोटारीच्या एका किरकोळ वाटणाऱ्या, परंतु घाटरस्त्यावर जिवावर बेतू शकणाऱ्या बिघाडाची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे.

मालमोटारीच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीवर अंगठ्याएवढी एक लहानशी टोपी बसविलेली असते. गॅरेजातील मंडळी तिला ब्रीदर म्हणतात. माहितीपुस्तिकांत व्हेंट असेही नाव आढळते. लांबच्या खेपेवरून गाडी परत आली, की कधी कधी या टोपीभोवती तेलाचा ओघळ दिसतो. त्यावर धूळ बसून काळी चिकट पुटे चढतात आणि गाडी उभी केलेल्या जागी जमिनीवर थेंब पडतात. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो छिद्र बंद करण्याचा. कोणी लाकडाची खुंटी ठोकतो, कोणी लांबी भरतो, कोणी ब्रीदर काढून तेथे सरळ बोल्ट आवळून टाकतो. गळती थांबते आणि सर्वांना हायसे वाटते. आमचे सांगणे असे, की हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे. ब्रीदरमधून आलेले तेल ही आतील बिघाडाची वर्दी होय. ती कशी वाचावी हे एकदा समजले, म्हणजे बहुतेक वेळा थोडक्या खर्चात काम भागते.

पेटीच्या आत काय चालते

इंजिनाची शक्ती प्रॉपेलर शाफ्टमार्फत मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत येते. तेथे ती काटकोनात वळवून दोन्ही चाकांकडे पाठवावी लागते. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावयाचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर वळणावर टायर घासत जातील. ही अडचण दूर करणारी दातेरी चाकांची योजना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या दशकात तिचे पेटंट घेतले होते. म्हणजे पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मास येण्याच्या कितीतरी आधी ही कल्पना सिद्ध झाली होती.

शाफ्टच्या टोकाचे लहान चाक म्हणजे पिनियन, आणि ते ज्याला फिरविते ते मोठे चाक म्हणजे क्राऊन. १९२६ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींत हायपॉइड नावाची रचना आणली. तीत पिनियन हे क्राऊनच्या मध्यरेषेपासून थोडे बाजूला बसविलेले असते. त्यामुळे दात बळकट होतात आणि आवाज कमी येतो. परंतु दात एकमेकांवरून नुसते फिरत नाहीत, ते जबरदस्त दाबाखाली घसटत जातात. साधे तेल अशा जागी टिकत नाही. म्हणून गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेले खास गिअर ऑइल वापरावे लागते. त्याला जो उग्र दर्प येतो तो या गंधकाचाच.

क्राऊनचा खालचा भाग या तेलात बुडालेला असतो. चाक फिरू लागले, की ते तेल वर उचलून सगळीकडे फेकते. घसटीने उष्णता निर्माण होते आणि पेटी तापते. येथेच ब्रीदरचे काम सुरू होते.

सकाळी गाडी निघाली तेव्हा पेटीतील हवा २५ अंश सेल्सिअस होती आणि भरल्या गाडीने चढ चढल्यावर ती ९५ अंशांवर गेली असे समजू. पेटी पूर्ण बंद असेल, तर केवळ या तापण्याने आतील दाब सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. तेलही फुगते. पेटीत १२ लिटर तेल असेल, तर ७० अंशांच्या वाढीने ते अर्ध्या लिटराहून थोडे अधिक जागा व्यापते, आणि तितकी हवेची जागा आणखी घटते. पिनियनभोवती व अ‍ॅक्सलच्या टोकांना रबरी ओठांची ऑइल सीले असतात. ती तेल अडविण्यासाठी बनविलेली असतात. आतून सतत ढकलणारा दाब पेलणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून पेटीला श्वासासाठी एक वाट ठेवावी लागते. तापली की हवा बाहेर, निवली की हवा आत. प्रेशर कुकरची वाफेची नळी डाळीच्या सालाने तुंबली तर काय होते हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. ब्रीदर बंद करणे हा त्याच जातीचा प्रकार आहे.

तेल नक्की कोठून येते

कोणताही पाना हाती घेण्यापूर्वी तेल खरोखर ब्रीदरमधूनच येते काय याची खात्री करून घ्यावी. चालत्या गाडीखाली वारा तेलाला मागे उडवितो. त्यामुळे पिनियनच्या सीलातून निघालेले तेल पेटीच्या पाठीवर सापडते आणि दोष भलत्याच्या माथी जातो.

यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. पेटी निवल्यावर डिझेल लावलेल्या फडक्याने ती संपूर्ण पुसून कोरडी करावी आणि ब्रीदरभोवती, पिनियनच्या तोंडाशी व जोडाच्या कडांवर अंगाला लावावयाची पांढरी पावडर शिंपडावी. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणावी. पावडर जेथे प्रथम भिजेल तेच गळतीचे उगमस्थान.

ब्रीदरवर नुसता ओलसर थर दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. गरम हवेबरोबर तेलाचे थोडे तुषार बाहेर येतातच. ओघळ वाहत असेल, थेंब पडत असतील, तर मात्र पुढील चौकशी करावी. ही चौकशी स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जावी, म्हणजे खिशाला विनाकारण चाट बसत नाही.

पहिली चौकशी: तेल जास्त तर नाही?

आमच्या पाहण्यात सर्वांत अधिक आढळणारे कारण हेच. पेटीच्या बाजूला तेल भरण्याचे एक बूच असते. बहुतेक गाड्यांत तेलाची योग्य पातळी म्हणजे या भोकाची खालची कड. काही गाड्यांत ती किंचित वेगळी असते, म्हणून आपल्या गाडीची माहितीपुस्तिका एकदा पाहून ठेवावी. "कमी असण्यापेक्षा जास्त बरे" या समजुतीने, किंवा उतारावर उभ्या गाडीत, तेल भरले जाते आणि पातळी वर चढते. मग क्राऊन त्या जादा तेलात खोलवर बुडून फिरते. तेल घुसळले जाते, त्याला फेस येतो, आणि फेस हवेबरोबर ब्रीदरच्या वाटेने वर येतो. पाटे किंवा अ‍ॅक्सलचे काम झाल्यावर पेटीचा कल बदलला असेल, तरीही बुचाशी दिसणारी पातळी फसवी ठरते.

पातळी पाहण्याची रीत सोपी आहे. रिकामी गाडी सपाट जागी किमान पंधरा मिनिटे उभी ठेवावी, म्हणजे नळ्यांत गेलेले तेल पेटीत परत येते. नंतर बूच अगदी सावकाश सैल करावे. तेल धारेने बाहेर आले, तर ते आपोआप थांबेपर्यंत स्वच्छ भांड्यात धरावे आणि मग बूच लावावे. अनेकदा एवढ्यानेच गळती थांबते आणि नव्या सामानाचा एक रुपयाही खर्च होत नाही.

बूच सैल करताना फुस्स असा आवाज येतो काय इकडेही कान द्यावा. तापल्या पेटीचे बूच उघडताना आवाज आला, तर ब्रीदर तुंबला आहे असे समजावे. अशा गाडीत तेल बहुधा ब्रीदरऐवजी सीलांतून बाहेर पडू लागलेले असते.

दुसरी चौकशी: ब्रीदर स्वतः धड आहे काय?

ब्रीदरची टोपी हाताने फिरली पाहिजे किंवा किंचित वर-खाली हलली पाहिजे. काहींत लहानसा छर्रा किंवा स्प्रिंग असते. चिखलाने, रंगाने किंवा वाळलेल्या तेलाने ती जागीच बसली, तर दाब साचतो आणि मग एकदम तेलाची चूळ भरल्यासारखा बाहेर पडतो. टोपी तुटून नुसते छिद्र उरले असेल, तर तेलाचे शिंतोडे सरळ बाहेर येतात आणि पाणी व धूळ आत जाते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा, तोंडाने फुंकून वाट मोकळी आहे याची खात्री करावी. शंका वाटल्यास नवाच बसवावा. हा गाडीतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. मात्र गाडीच्या मॉडेलचाच घ्यावा. दुसऱ्या गाडीचा आट्यात बसला म्हणून चालेल असे नाही.

तिसरी चौकशी: तेलात पाणी शिरले आहे काय?

आपल्या भागात हे कारण विसरून चालणार नाही. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीच्या परिसरात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी खेळत असते. चढाने तापलेली पेटी अशा थंड पाण्यात शिरली, की आतील हवा झपाट्याने आकसते. पेटी श्वास आत ओढते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणीच ओढले जाते. पाण्याने पातळी वाढते, तेल दुधाळ होते, फेस धरते आणि पुढच्या खेपेत ब्रीदरमधून वर येते. दात आणि बेअरिंगे यांना गंज चढतो तो वेगळाच.

परीक्षेसाठी बुचातून थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. दुधाच्या चहासारखा रंग दिसला किंवा तळाशी पाणी साठले, तर सारे तेल काढून टाकावे. वरून नवे तेल घालून जुने सुधारत नाही. पाण्याचे प्रमाण फार असेल, तर नवे तेल भरून थोडे अंतर चालवून तेही एकदा बदलावे, म्हणजे नळ्यांत दडलेले पाणी निघून जाते. काढलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

वारंवार पाण्यातून जाणाऱ्या गाडीसाठी एक कायमचा उपाय आहे. ब्रीदरच्या जागी नळी जोडून तिचे वरचे टोक चासीच्या उंचीवर नेतात आणि तेथे टोपी बसवितात. नळी वाकून दबणार नाही, आणि अ‍ॅक्सल वर-खाली होताना ताणली जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

चौथी चौकशी: तेल योग्य जातीचे आहे काय?

हायपॉइड डिफरन्शियलसाठी साधारणपणे जीएल-५ या प्रतीचे तेल सांगितलेले असते. जाडी ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० अशा आकड्यांनी दाखवितात. गिअरबॉक्सचे तेल निराळ्या प्रतीचे असू शकते, म्हणून उरलेले तेल एका पेटीतून दुसरीत ओतण्याची सवय बरी नव्हे. चांगल्या तेलात फेस मारणारे द्रव्य मिसळलेले असते. निरनिराळी तेले एकत्र केली, किंवा तेल फार जुने झाले, तर हा गुण उणावतो आणि पातळी बरोबर असूनही फेस वर येतो. तेल केव्हा आणि कोणते भरले हे ठाऊक नसेल, तर एकदा सारे बदलून नव्याने हिशेब सुरू करणे श्रेयस्कर.

पाचवी चौकशी: हवा भलत्या वाटेने येते काय?

काही मालमोटारींना, विशेषतः खडी-मातीच्या कामावरील गाड्यांना, डिफरन्शियल लॉक असतो. चालकाने बटण दाबले, की ब्रेकच्या टाकीतील हवा एका लहान दट्ट्याला ढकलते आणि दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. त्या दट्ट्याचे रबरी कडे झिजले, तर हवा सरळ तेलाच्या पेटीत शिरते. टाकीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सात-आठ पट असतो. त्यापुढे तापण्याने वाढणारा दाब काहीच नव्हे. अशा वेळी ब्रीदरमधून तेल उसळून येते, आणि मिस्त्री तेल, सील, ब्रीदर सारे बदलूनही गळती कायम राहते.

याची परीक्षा थंड पेटीवर करावी. टाकीत हवा भरून इंजिन बंद करावे, ब्रीदर काढून त्याच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरावा आणि किल्ली चालू करून लॉकचे बटण दाबावे. लॉक लागताना क्षणभर हालचाल होईल. परंतु पडदा फुगतच राहिला, फुटून पुन्हा धरला तरी पुन्हा फुगला, तर दोष दट्ट्याच्या कड्यात आहे हे निश्चित.

सहावी चौकशी: पेटी अतिशय तापते काय?

वरील पाचही गोष्टी ठीक असतील, तर उष्णतेकडे वळावे. बेअरिंग फार घट्ट बसविले असेल, क्राऊन-पिनियनची जुळणी चुकली असेल, तेल फार कमी असेल किंवा गाडीवर तिच्या शक्तीबाहेरचा माल लादला जात असेल, तर पेटी नेहमीपेक्षा अधिक तापते. दोन सारख्या गाड्या सारख्या खेपेवरून आल्या, की दोहोंच्या पेट्यांची तुलना करावी. आता उष्णता दुरून मोजणारी लहान उपकरणे बाजारात मिळतात. हात लावून पाहण्याचा धोका पत्करू नये. तळाच्या बुचाला लोहचुंबक असेल, तर तेल काढताना तो पाहावा. राखाडी मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज; बोटाला टोचणारे कण किंवा दाताचे तुकडे म्हणजे पेटी उघडण्याची वेळ झाली. डिफरन्शियलमधून घोंघावणारा आवाज येत असेल, तर खेप घेऊच नये. हे काम मात्र जाणत्या मिस्त्रीचे आहे. येथे हात राखून खर्च करणे महागात पडते.

छिद्र बुजविल्यास काय होते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ब्रीदर बुजविला, की आतील दाब कमजोर जागा शोधू लागतो. पिनियनचे सील गेले, तर तेल निदान जमिनीवर पडून दिसते. परंतु तेल अ‍ॅक्सलच्या नळीतून चाकाकडे निघाले, तर ते प्रथम हबमध्ये शिरते, तेथील ग्रीस पातळ करते, आणि हबचे सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये पोहोचते. लायनर तेलाने भिजतात. सपाट रस्त्यावर हे चटकन ध्यानातही येत नाही. ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढते, इतकेच. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीचा घाट भरल्या गाडीने उतरताना मात्र उरलेल्या ब्रेकांवर सारा भार येतो. ते तापतात, तापल्याने त्यांची पकड कमी होते, आणि ज्या वळणावर ब्रेकची खरी गरज असते तेथेच तो दगा देतो. अंगठ्याएवढ्या टोपीचा प्रश्न अशा रीतीने गाडीतील माणसांच्या आणि समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या प्राणांचा प्रश्न बनतो.

म्हणून ब्रीदरमधून तेल येत असल्याचे दिसताच चाकांच्या आतील बाजूही पाहाव्यात. टायरच्या आतल्या अंगावर किंवा ड्रमच्या पाठीमागे ओलावा दिसला, जळक्या तेलाचा वास आला, किंवा ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढू लागली, तर गाडी तेथेच थांबवावी. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविण्याची चाल आहे; ती सोडून द्यावी. ड्रम तापला, की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. सील आणि लायनर नवेच घालावेत, आणि लायनर एकाच चाकाचे न बदलता त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत, म्हणजे दोन्हींची पकड सारखी राहते.

आणखी एक सूचना. जुनी गाडी विकत घेताना ब्रीदरची जागा अवश्य पाहावी. तेथे खुंटी, लांबी किंवा बोल्ट आढळला, तर पूर्वीच्या मालकाने काहीतरी दडविले आहे असे धरून चालावे आणि तेलाची बाटली-परीक्षा झाल्याविना व्यवहार करू नये.

ज्या घरांत गाडीचा हिशेब वहीत लिहिला जातो, तेथे त्याच वहीत एक पान डिफरन्शियलसाठी राखावे: तेल केव्हा बदलले, कोणत्या जातीचे, किती लिटर, ब्रीदर केव्हा धुतला. हे पान चालकाने सांगावे आणि घरातील कोणीही लिहावे. शाळकरी मुलालाही ते जमेल. वर्षातून दोनदा, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दसऱ्याला गाडीची पूजा करण्यापूर्वी, पातळी आणि ब्रीदर पाहण्याचा नेम ठेवावा. दसऱ्याला गाडी धुतली जातेच. हार घालण्याआधी दहा मिनिटे तिच्या पाठीमागे वाकून पाहिले, तर पुढची खेप निर्धास्तपणे करता येईल.